हरदत्ताचा नंबर कधी लागणार?

उज्जैनच्या राम घाटावर दर वर्षी कार्तिकात क्षिप्रेचं पाणी कलशात भरून घेतात, त्याची पूजा होते आणि तो कलश वाजतगाजत गावातून निघतो. कालिदास समारोहाची ही सुरुवात. देवप्रबोधिनी एकादशीला उद्घाटन होतं आणि मग आठवडाभर नाटकं, नृत्य, चित्रप्रदर्शन, विद्वानांच्या सभा चालतात. पंडित सूर्यनारायण व्यासांनी ध्यास घेतला आणि १९५८ मध्ये हा समारोह उभा राहिला. पहिल्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. एका नाटककाराच्या नावानं आख्खं गाव रस्त्यावर येतं, याचा मला मनापासून आनंद आहे. अशी मिरवणूक नाटककाराच्या वाट्याला आपल्या देशात क्वचितच येते.

पण कलशामागून चालणाऱ्यांना एक गोष्ट कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवी. हा कालिदास एके काळी नवा होता. हयात होता. आणि त्याचं नाटक का बघायचं, यावरून त्याच्याच रंगमंचावर वाद झाला होता.

‘मालविकाग्निमित्र’ उघडा. पहिल्याच पानावर हा वाद आहे. सूत्रधार सांगतो की वसंतोत्सवात कालिदासाचं नाटक करा, अशी विद्वानांच्या सभेची आज्ञा आहे. त्याचा साथीदार लगेच आडवा येतो. भास, सौमिल्ल, कविपुत्र अशी मोठमोठी नावं असताना या आजच्या कवीचं एवढं कौतुक कशाला, असं तो विचारतो. सूत्रधार त्याला तिथल्या तिथे झापतो. जुनं तेवढं सगळं चांगलं असं नसतं आणि नवं म्हणून काही वाईट ठरत नाही, जाणते लोक पारखून घेतात आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो तो मूढ, असा त्याच्या बोलण्याचा आशय. हा श्लोक शाळेत संस्कृत घेतलेल्या बहुतेकांना पाठ असतो. नवं नाटक लागलं की त्यातले किती जण तिकीट काढतात?

या प्रसंगात मला जास्त कौतुक त्या सभेचं वाटतं. नव्या लेखकाचं नाटक प्रेक्षकांनी मागितलंय. शंका काढली ती नाटक मंडळीतल्याच माणसानं. आपल्याकडे निर्माते वर्षानुवर्षं ऐकवत आलेत की प्रेक्षकांना नवं नको असतं. दीड हजार वर्षांपूर्वीची साक्ष तरी उलटी आहे. बिचकलेला माणूस पडद्यामागचा होता, समोर बसलेले तयार होते.

आणि त्या थोर नावांचं पुढे काय झालं? सौमिल्ल आणि कविपुत्र यांचं एकही नाटक आज हाती नाही. त्यांची नावं टिकली ती मुख्यतः कालिदासाच्या या प्रस्तावनेमुळे. भासाची म्हणून सांगितली जाणारी १३ नाटकं विसाव्या शतकात केरळकडच्या ताडपत्रांत टी. गणपतिशास्त्रींना सापडली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमला छापली गेली. तोवर शेकडो वर्षं भास म्हणजे इतरांच्या ग्रंथांतले उल्लेख आणि थोडे सुटे श्लोक. ज्याच्याकडे साथीदारानं नाक मुरडलं, तो कवी मात्र राहिला. त्या वसंतोत्सवातल्या सभेनं साथीदाराचं ऐकून भासाचंच नाटक पुन्हा लावलं असतं, तर?

याच नाटकात पुढे जे घडतं त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. सूत्रधार म्हणतो की पारखून घ्या, आणि नाटककार पहिल्या दोन अंकांत खरोखरच एक परीक्षा मांडतो. राजा अग्निमित्राच्या वाड्यावर दोन नाट्याचार्य आहेत, गणदास आणि हरदत्त. श्रेष्ठ कोण, यावरून दोघांत जुंपते. निवाडा करायला परिव्राजिका कौशिकी बसते. ती स्वच्छ सांगते की नाट्याची कसोटी बोलण्यात लागत नाही, करून दाखवा. पात्रांनी जड पोशाखाशिवाय यावं, म्हणजे अंगाची हालचाल नीट दिसेल, अशीही अट घालते. परीक्षक असावा तर असा. डोळ्यांना भुलवणारं आधी बाजूला, मग कस.

गणदास वयानं वडील, म्हणून आधी त्याची शिष्या येते. ती मालविका. विदर्भाची राजकन्या, ओळख लपवून राहिलेली. (या नाटकाच्या शेवटी विदर्भाचे दोन भाग होतात आणि मधली सीमा ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा. नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांनी हे नाटक घरचं समजायला हरकत नाही.) मालविका गाते, नाचते, परिव्राजिका तिला निर्दोष ठरवते. आता हरदत्त पुढे होतो. महाराज, माझाही प्रयोग बघावा, अशी विनंती करतो. राजाला मालविकेला बघायचं होतं, ते झालं. सगळा घाट विदूषकानं त्यासाठीच घातलेला असतो. तरी राजा तोंडदेखलं म्हणतो की आम्ही उत्सुकच आहोत. तेवढ्यात माध्यान्हीची ललकारी होते. विदूषकाला जेवणाची वेळ आठवते. तुमचा प्रयोग उद्या बघू, असं राजा सांगतो आणि हरदत्त मान तुकवून निघून जातो.

तो उद्या नाटकात येत नाही. हरदत्तानं काय बसवलं होतं, त्याची शिष्या कशी नाचली असती, कुणालाच कळत नाही. तो हरला असता तर एक वेळ चाललं असतं. त्याला बघितलंच गेलं नाही.

मराठीतल्या नव्या नाटककाराची तक्रार नेमकी हीच आहे. पडलेल्या नाटकाचं दुःख नाट्यवाल्यांना पचवता येतं, पिढ्यान्‌पिढ्या पचवत आलेत. पण न बघता बाजूला सारलेल्या नाटकाचं काय करायचं? शनिवार-रविवारच्या तारखा आधीपासून चालत्या नाटकांकडे. नवं नाटक मंगळवारी, नाहीतर भर दुपारी. जाहिरातीला पैसे नाहीत, म्हणून पेपरात चौकट एवढीशी. लेखकाचं नाव वाचायचं तर चष्मा पुसून घ्यावा लागतो. मग आपण ओळखीच्यांना विचारतो, ‘कसंय नाटक?’ तेही अजून गेलेले नसतात. सगळे एकमेकांना विचारत राहतात आणि पंधराव्या प्रयोगाला नाटक बंद पडतं. मग म्हणतो, अरेरे, बघायचं राहूनच गेलं.

राहून कसं गेलं? आपण गेलो नाही. सरळ बोलायला काय हरकत आहे!

जुन्या नाटकांशी माझं वैर नाही. चांगलं नाटक पिढीगणिक पुन्हा उभं राहायलाच हवं. २०१० मध्ये सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’नं ‘हर्बेरियम’ या नावाखाली पाच जुनी नाटकं मोजक्या पंचवीस-पंचवीस प्रयोगांसाठी आणली, तेव्हा तरुण मुलांना ती पहिल्यांदा बघता आली. पण त्याच ‘सुबक’नं २०१६ मध्ये मनस्विनी लता रवींद्र यांचं ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे कोरं नाटकही आणलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. जुन्यावर प्रेम करणाऱ्यानं नव्याला दार उघडलं. नुसतं जुनं उगाळत बसणाऱ्यांना हे सांगायला हवं की आज ज्या नाटकांच्या पुनरुज्जीवनाला तुम्ही गर्दी करता, ती सगळी कधीतरी नवी होती आणि कुणीतरी पहिल्या आठवड्यात जाऊन बघितली म्हणून जगली. ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये आलं तेव्हा सतीश आळेकर पंचविशीत होते. मेलेला भाऊराव उठून कीर्तन करतो, असलं काही त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. पुण्याच्या प्रेक्षकानं तेव्हा ‘आधी कुणी शिक्का मारू दे’ म्हटलं असतं, तर आज पन्नाशी कशाची साजरी केली असती?

आपल्या संगीत नाटकाचा जन्मच कालिदासापासून झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ लागलं, तेही आधी चारच अंक. गर्दी लोटली. अण्णासाहेबांना त्या यशावर आयुष्यभर बसता आलं असतं. दोन वर्षांत त्यांनी ‘सौभद्र’ आणलं, स्वतःचं. १८९९ मध्ये देवलांचं ‘शारदा’ आलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट, प्रेक्षकांच्या घरातलीच. कालिदासाकडून सुरुवात केलेल्या रंगभूमीनं १९ वर्षांत स्वतःच्या काळातलं दुखणं मंचावर आणलं. प्रेक्षक बरोबर चालले म्हणून ते शक्य झालं.

मग आज कोणाकडे बघायचं? नावं घेतो. नावं घ्यायलाच हवीत, कारण नाटककाराचं नाव विसरण्यात आपण पटाईत आहोत. नट लक्षात राहतो, नटाची मालिका लक्षात राहते, लेखक कोण विचारलं की सगळे गप्प.

नाशिकचे प्राजक्त देशमुख. ‘संगीत देवबाभळी’, २०१७. आधी एकांकिका होती, मग ‘भद्रकाली’नं पूर्ण नाटक रंगभूमीवर आणलं. मंचावर दोनच बाया. तुकोबांची आवली आणि तिची सेवा करायला लखुबाई बनून आलेली रखुमाई. भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा मोडतो, विठ्ठल येऊन तो काढतो, ही कथा कीर्तनांतून आपण शंभरदा ऐकली आहे. देशमुखांनी विचारलं की या दोघींच्या नवऱ्यांचं भक्तीचं चाललं होतं तेव्हा या दोघींचं काय चाललं होतं? बाप्यांना मंचावर न आणता दोन बायकांच्या बोलण्यातून एवढं मोठं घर उभं केलं. स्टार नाही, विनोदाची फोडणी नाही, तरी हाउसफुल्ल. प्रेक्षकांना नवं नको असतं, हे पुन्हा एकदा खोटं ठरलं.

जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे. शेती करणारा माणूस. विजेच्या चोरीवर ‘आकडा’ लिहिलं. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. यम शिवाजीराजांना न्यायला येतो, राजे सोबत विचारही न्यायला सांगतात, जिरेटोप यमाच्या हाती येतो आणि हरवतो, मग तो कुणाच्या डोक्यात बसतो याचा शोध. ही सगळी धमाल मराठवाड्याच्या खेड्यांतल्या मुलांनी केली, आपल्याच बोलीत, आपल्याच अंगकाठीनं. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ते उच्चार समजून घ्यायला पहिली दहा मिनिटं लागली असतील, पुढे तो खुर्चीत सरसावून बसला. ही जबाबदारी प्रेक्षकाची असते. पहिली दहा मिनिटं द्या. नवं नाटक आपली भाषा बरोबर घेऊन येतं, ती कानावर बसायला थोडा वेळ लागतो.

नाशिकचेच दत्ता पाटील, ‘हंडाभर चांदण्या’. पाण्याच्या टँकरची वाट बघणारं गाव. आशुतोष पोतदार, धर्मकीर्ती सुमंत, इरावती कर्णिक, प्रत्येकाचा बाज वेगळा. यातले सगळे सगळ्यांना आवडणार नाहीत. न आवडोत! बघून नावडलं तर भांडायला मजा येते.

नव्याची बाजू घेतो म्हणजे नव्याचे दोष झाकतो असं कुणी समजू नये. आजच्या संहितांत मला खटकणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. प्रसंग अडला की फोन वाजतो. दोन पात्रं समोरासमोर उभी राहून लेखकाचं मत वाटून घेतात. विषय मोठा निवडला की नाटक आपोआप मोठं होईल अशी समजूत दिसते. मागे पडद्यावर चित्रफीत सुरू झाली की समजावं, लिहिणाऱ्याचं वाक्य कमी पडलं. हे तोंडावर सांगावं. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला. निर्णय कडक होता, पोरांना लागला असणार, पण त्या परीक्षकांनी शेवटपर्यंत बसून प्रत्येक एकांकिका बघितली होती. नव्या लेखकाचा सन्मान दोन्ही रीतींनी होतो, करंडक देऊन आणि करंडक रोखून. जांभई देत मध्यंतरात निघून जाण्यानं होत नाही. ‘मुलांनी छान प्रयत्न केलाय’ या पाठ थोपटण्यानं तर अजिबातच होत नाही. ते वाक्य ऐकलं की मला राग येतो. प्रयत्न बघायला कोण येतं? नाटक कसं झालं ते बोला.

विदर्भाचाच आणखी एक माणूस इथे आठवतो. भवभूती, पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ जे पद्मपूर आहे तेच हे, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं. त्याची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. हा कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल, असं काही अभ्यासक म्हणतात. मिराशी मात्र काल्पीकडे बोट दाखवतात. कुठेही असो, ‘मालतीमाधवा’च्या आरंभी या कवीनं जे बोलून ठेवलंय त्यात कडू घोट आहे. आमची अवहेलना करणाऱ्यांसाठी हा खटाटोप नाही, काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, कधीतरी कुठेतरी माझ्यासारखा कुणी जन्मेल, असं तो म्हणतो. आपण हे वाक्य भाषणांत मिरवतो, कवीचा बाणेदारपणा म्हणून. मला त्यात समोरच्या रिकाम्या जागा दिसतात. जिवंत लेखकाला पुढल्या शतकाकडे दाद मागायची वेळ यावी, ही त्याच्या काळच्या प्रेक्षकांची नामुष्की आहे. जयंत पवार २०२१ मध्ये गेले. १९९७ च्या ‘अधांतर’मध्ये त्यांनी गिरणगावातलं धुरूंचं घर मोडताना दाखवलं. गेल्यावर त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. त्यातलं निम्मं त्यांच्या हयातीत, त्यांच्या प्रत्येक नव्या नाटकाच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं गेलं असतं, तर जास्त उपयोगाचं होतं.

आता पुन्हा उज्जैनकडे. समारोहात मुख्यतः कालिदासाची आणि संस्कृत परंपरेतली नाटकं होतात. ती व्हावीतच. माझी मागणी एका संध्याकाळची आहे. दर वर्षी एक संध्याकाळ हयात लेखकाच्या, आधी कुठेही न झालेल्या नाटकाला द्या. हिंदी असो, मराठी असो, माळवी असो. विषय कालिदासाचा असलाच पाहिजे ही अट नको. आणि असला तरी भिऊ नका. समारोह सुरू झाला त्याच १९५८ मध्ये मोहन राकेशांचं ‘आषाढ का एक दिन’ आलं. त्यातला कालिदास राजाश्रयासाठी मल्लिकेला मागे सोडून उज्जयिनीला येतो. कालिदासाला उलटतपासणीला उभं करणारं ते नाटक त्याची थोरवी कणभरही कमी करत नाही.

परंपरा बाटेल अशी ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी राम घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याकडे बघावं. क्षिप्रा उन्हाळ्यात आटते. म्हणून २०१४ पासून ओंकारेश्वरच्या बाजूचं नर्मदेचं पाणी पंपांनी वर चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडतात. २०१६ च्या सिंहस्थात लाखो लोकांनी त्या पाण्यात बुडी मारली. घाटाचं पुण्य उणावलं असं कुणी म्हटलं नाही. समारोहालाही असं बाहेरचं ताजं पाणी लागणार आहे.

उज्जैनमध्ये मराठी नवी नाही. राणोजी शिंद्यांच्या काळात ही त्यांची राजधानी होती आणि महाकालाचं आजचं देऊळ त्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा शेणवींनी बांधून घेतलं. तासा-दीड तासावर इंदूर. तिथे १९५५ मध्ये राहुल बारपुते, बाबा डिके अशा मंडळींनी ‘नाट्यभारती’ उभी केली. आज ‘सानंद’ मुंबई-पुण्याची नाटकं तिथे नेतं आणि सभासदांच्या गटांसाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावतं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच अशा संस्थांकडून माझी अपेक्षा मोठी आहे. व्यावसायिक निर्मात्याला नव्या लेखकाची भीती वाटते ती तिकीटबारीमुळे. सभासदांच्या संस्थेत पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच जमा झालेले असतात. प्रेक्षक येणार हे ठरलेलं असतं. नव्या नाटकाला याहून भक्कम आधार कुठे मिळेल? इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे मराठी माणसांनी वर्गणी भरून नाटकं बघायची सवय ठेवली आहे, तिथल्या कार्यकारिणीनं पुढच्या हंगामाच्या यादीत एक ओळ कोरी ठेवावी. त्या ओळीत अशा लेखकाचं नाव लिहावं, ज्याचं नाटक त्या गावात कुणीही बघितलेलं नाही. सभासद कुरकुरतील. पहिल्या वर्षी दोघे-चौघे पत्रही लिहितील. ती पत्रं फलकावर लावा, लेखकाला बोलवा, प्रयोगानंतर अर्धा तास त्याला आणि प्रेक्षकांना समोरासमोर बसवा आणि काय खटकलं ते होऊन जाऊ द्या. चहा सांगून ठेवा, बोलणं लांबेल.